भंगारातल्या ट्रेडमिलचा मोटर कंट्रोलर: नॉबने वेग बदलण्याची जोडणी, क्रमाने

बोर्डला सप्लाय दिला, तीन तारांवर पॉट (नॉबने फिरणारा, तीन टोकांचा बदलता रेझिस्टर) लावला, स्विच टाकला. आणि एकतर मोटर हललीच नाही, नाहीतर नॉब शून्यावर असताना पूर्ण वेगाने सुटली. ट्रेडमिलचा जुना कंट्रोलर ड्रिल, लेथ किंवा बेल्ट ग्राइंडरवर बसवणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक याच दोन असतात. तिसरी तक्रार आवाजासकट येते: फट्ट, आणि मग जळका वास. तिन्ही प्रकारांत बोर्ड कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्याआधीच जोडणी सुरू झालेली असते. म्हणून इथे तपासणी आधी आहे आणि जोडणी बरीच नंतर. मधले टप्पे गाळू नका.

सगळं काम मेन्सच्या व्होल्टेजवरचं आहे. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग ही जोडणी आजवर स्वतः कधी केली नसेल, तर सप्लाय देण्याच्या टप्प्यांना जाणता इलेक्ट्रिशियन शेजारी उभा हवा.

१. हात लावण्याआधी: प्लग काढा, चार्ज उतरवा

प्लग काढला म्हणजे बोर्ड मेला, असं नाही. काही बोर्डांवर डब्याएवढे जाड एक-दोन कपॅसिटर असतात. २३० व्होल्टच्या सप्लायवर ते सुमारे ३२५ व्होल्ट डीसीपर्यंत भरतात, १२० व्होल्टच्या सप्लायवर सुमारे १७० पर्यंत. चार्ज उतरवणारा रेझिस्टर बोर्डावर असतो, पण तोच आतून तुटलेला असेल तर चार्ज बराच वेळ टिकून राहतो.

मेन्स व्होल्टेजचा ४० किंवा ६० वॅटचा साधा तारेचा बल्ब घ्या, होल्डरला इन्सुलेटेड क्लिपा लावा आणि कपॅसिटरच्या दोन टोकांवर काही सेकंद धरा. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून मोजा. काही मोजक्या व्होल्टच्या खाली आकडा आला की पुढे जा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची सवय असेल, तर ती इथे सोडा. त्यात कपॅसिटरची टोकं, बोर्डाचे ट्रॅक आणि तुमचे डोळे, काहीही जाऊ शकतं.

*तपासा:* थोड्या वेळाने पुन्हा मोजा. कपॅसिटर थोडा चार्ज परत दाखवू शकतो.

२. ट्रेडमिलमधून काय काय काढायचं

लोक मोटर आणि बोर्ड घेतात, बाकीचं भंगारात जाऊ देतात आणि नंतर शोधत बसतात. हे सगळं सोबत काढा: मेन्स स्विच, रीसेटचं बटण असलेला सर्किट ब्रेकर, सप्लायवरचा फिल्टर, मोटरच्या मूळ तारा लगसकट (टोकांवरच्या धातूच्या क्लिपांसकट), बोर्डापासून कन्सोलकडे (बटणांच्या पॅनेलकडे) जाणारी पूर्ण केबल आणि चोक. चोक म्हणजे पत्र्यांच्या गाभ्यावर जाड तार गुंडाळलेला जड ठोकळा. तो बोर्डावर नसतो, फ्रेमला वेगळा स्क्रूने बसवलेला असतो, त्यामुळे हमखास विसरला जातो. तो मोटरच्या एका तारेत सिरीजमध्ये असतो आणि करंटचे झटके सपाट करतो. तो नसला तरी मोटर फिरते. फक्त जास्त गुरगुरते, जास्त तापते आणि ब्रश (फिरणाऱ्या भागाला करंट देणारे कार्बनचे ठोकळे) लवकर खाते.

तार सुटी करण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. बोर्डावरची छापील अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. शिवाय प्रत्येक तारेवर टेप लावून तिच्या टर्मिनलचं नाव लिहा. तारांच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. आधीच्या दुरुस्तीत कोणी रंग बदलले असतील तर ते तुम्हाला कळणार नाही.

३. मोटर एकटी तपासा

या मोटारी बहुधा परमनंट मॅग्नेट डीसी जातीच्या असतात. म्हणजे दोन जाड तारा आर्मेचरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या गाभ्याच्या. आणखी दोन बारीक तारा असतील तर त्या मोटर तापल्यावर उघडणाऱ्या थर्मल स्विचच्या. त्या कापून टाकू नका, पुढे लागणार आहेत.

नेमप्लेट वाचा. डीसी व्होल्ट, ॲम्पिअर आणि आरपीएम हे तीन आकडे कामाचे. हॉर्सपॉवरचा आकडा मात्र जपून घ्या. ‘ट्रेडमिल ड्यूटी’ असं लिहिलेला एचपी हा बऱ्याचदा थोड्या वेळासाठीचा असतो. दिवसभर चालणाऱ्या यंत्राच्या मोटरशी त्याची तुलना करू नये.

मग तीन छोट्या चाचण्या:

दोन्ही जाड तारा सुट्या ठेवून शाफ्ट हाताने फिरवा. तो सहज फिरला पाहिजे. आता त्याच दोन तारा एकमेकींना जोडा आणि पुन्हा फिरवा. हात अडल्यासारखा झाला, शाफ्ट चिखलात फिरतोय असं वाटलं, तर चुंबक आणि ब्रश दोन्ही जागेवर आहेत. काहीच फरक पडला नाही तर ब्रश झिजलेले आहेत किंवा अडकलेले आहेत.

मल्टिमीटरने प्रत्येक जाड तार आणि मोटरची बॉडी यांच्यात रेझिस्टन्स पाहा. उघडं सर्किट दिसलं पाहिजे. काही किलो-ओहमचा आकडा आला तर आत कार्बनची पूड साचली आहे. उघडून साफसफाईच्या मऊ ब्रशने आणि हवेने साफ करा, मग पुन्हा मोजा.

शेवटी १२ व्होल्टची बॅटरी लावा. मोटर संथ पण एकसारखी फिरली पाहिजे. कोणत्या तारेला प्लस दिल्यावर ती कोणत्या दिशेने फिरते, ते इथेच लिहून ठेवा.

सावधान: बऱ्याच ट्रेडमिल मोटारींवर फ्लायव्हील शाफ्टवर आट्याने बसवलेलं असतं, तेही उलट आट्याने. मोटर मूळ दिशेने फिरते तोवर ते आवळलं जातं. तारा उलटवून दिशा बदलली तर ते सैल होऊन सुटू शकतं, आणि पूर्ण वेगात सुटलेलं लोखंडी चाक कुठे जाईल याचा नेम नाही. दिशा उलटी हवीच असेल तर आधी फ्लायव्हील पिन किंवा ग्रब स्क्रूने शाफ्टला पक्कं करा. त्याहून सोपं म्हणजे मोटर यंत्राच्या दुसऱ्या बाजूला बसवा.

४. बोर्ड ओळखा

खरं काम इथे आहे. या टप्प्याला वेळ लागला तर लागू द्या.

*पहिला प्रश्न, व्होल्टेज.* १२० व्होल्टचा बोर्ड २३० वर लावला की फट्ट. स्टिकर नसेल तर मोठ्या कपॅसिटरवरचा आकडा पाहा. २०० व्होल्टचा कपॅसिटर असेल तर बोर्ड १२० व्होल्टचा समजा. ४०० किंवा ४५० असेल तर २३० चा. कपॅसिटर नसेल तर मोटरच्या नेमप्लेटवरून अंदाज येतो: ९० ते १३० व्होल्ट डीसीच्या मोटारी बहुधा १२० व्होल्टच्या यंत्रातल्या, १८० च्या आसपासच्या बहुधा २३० च्या. तो अंदाजच. दोन वेगळ्या ट्रेडमिलमधून मोटर आणि बोर्ड एकत्र आणले असतील तर दोन्हींची छाननी वेगवेगळी करा.

*दुसरा प्रश्न, जात.* ढोबळमानाने दोन.

एससीआर (मेन्सच्या प्रत्येक लहरीचा हवा तेवढाच भाग मोटरला देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बोर्डावर मोठा कपॅसिटर नसतो. चोक वेगळा असतो, आणि कन्सोलकडे जाणाऱ्या तीन तारांच्या टर्मिनलवर एच, डब्ल्यू, एल अशी अक्षरं असतात. एमसी-६० हा यातला नेहमी सापडणारा. केबी कंपनीच्या बोर्डांवर याच तीन टोकांना पी३, पी२, पी१ म्हटलेलं असतं. यांना पॉट थेट लागतो.

पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद करून वेग ठरवणाऱ्या) बोर्डावर जाड कपॅसिटर, ब्रिज (एसीचा डीसी करणारा भाग) आणि हीटसिंकला दाबलेले मॉस्फेट किंवा आयजीबीटी (चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) दिसतात. कन्सोलकडे सहा-सात तारांचा कनेक्टर जातो. एमसी-२१०० या जातीचा. याला पॉट थेट लावून काहीही होत नाही; त्याला ठरावीक गतीने चालू-बंद होणारा सिग्नल लागतो. ‘मोटर हललीच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

*तिसरा प्रश्न, आयसोलेशन.* कन्सोलच्या तारा मेन्सपासून वेगळ्या आहेत की नाहीत? सप्लाय काढलेला असताना कन्सोल कनेक्टरची कॉमन तार आणि मोटरचं मायनस टर्मिनल यांच्यात रेझिस्टन्स मोजा, मग तीच कॉमन तार आणि मेन्सची दोन टर्मिनलं यांच्यात. कुठेही कमी रेझिस्टन्स दिसला तर आयसोलेशन नाही. उघडं दिसलं तरी एससीआर बोर्डाच्या बाबतीत मी आयसोलेशन नाही असंच धरून चालतो. पॉटच्या टोकांमध्ये १० व्होल्टच असतील, पण ते तिन्ही बिंदू अर्थच्या तुलनेत मेन्सवर लटकलेले असतात.

सावधान: आयसोलेशन नसलेल्या बोर्डावर ऑसिलोस्कोपची (व्होल्टेजची लहर दाखवणाऱ्या यंत्राची) ग्राउंड क्लिप लावू नका. क्लिप अर्थला जोडलेली असते. बोर्ड आणि स्कोप एकदमच जातील. ‘ग्राउंड’ लिहिलेलं टर्मिनल अर्थिंगला जोडणं ही त्याचीच दुसरी आवृत्ती.

५-अ. एससीआर बोर्डाला पॉट

लिनिअर जातीचा पॉट घ्या. एमसी-६० ला १० किलो-ओहम, केबीच्या बोर्डांना ५ किलो-ओहम. ऑडिओचा लॉग पॉट लावला तर नॉबच्या अर्ध्या फेरीत काहीच होणार नाही आणि उरलेल्या भागात सगळा वेग एकदम येईल.

पॉट बोर्डला लावण्याआधी हातात धरून मोजा. नॉब पूर्ण डावीकडे फिरवा. मधल्या टोकाशी ज्या बाजूचा रेझिस्टन्स शून्याजवळ येतो, ते टोक एलला. मधलं टोक डब्ल्यूला, उरलेलं एचला. एल आणि एच उलटले तर नॉब शून्यावर असताना पूर्ण वेग येतो.

आता एक बारकावा. तीनपैकी कोणती तार तुटली तर काय होईल? एचची तुटली तर मोटर थांबते. डब्ल्यूची तुटली तर काय होईल ते बोर्डावर अवलंबून; बोर्डाच्या टोकाला डब्ल्यू आणि एलमध्ये १०० किलो-ओहमचा रेझिस्टर टाकला तर तिथेही सहसा वेग खाली येतो. पण एलची तार तुटली तर मधलं टोक थेट एचच्या व्होल्टेजवर जातं आणि मोटर पूर्ण वेगाने सुटते. तो रेझिस्टर तिथे काही कामाचा नाही. म्हणून एलचा जोड नुसता सोल्डरवर ठेवू नका. तार आधी टोकात वळवून अडकवा, सोल्डर करा, हीटश्रिंक चढवा आणि तिन्ही तारा पॉटजवळ क्लॅम्पने धरा, म्हणजे कंपनांचा ताण जोडावर येणार नाही.

पॉटचा दांडा प्लॅस्टिकचा घ्या. धातूचा असेल तर नॉब प्लॅस्टिकचा आणि त्याचा आवळायचा स्क्रू बोटाला लागणार नाही इतका खोल हवा.

५-ब. पीडब्ल्यूएम बोर्डाला सिग्नल

एमसी-२१०० वर काळी तार कॉमन, लाल तार कमी व्होल्टचा डीसी सप्लाय आणि निळी तार वेगाचा सिग्नल. सिग्नल सुमारे २० हर्ट्झचा, म्हणजे ५० मिलिसेकंदाचं एक चक्र. त्यातला चालू भाग जितका मोठा तितका वेग जास्त. वरची मर्यादा ८५ टक्क्यांवर ठेवायची. रंग या बोर्डापुरते सांगितले. दुसऱ्या बोर्डावर कनेक्टरजवळची छापील अक्षरं पाहा.

आर्डुइनो (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड) येत असेल तर सरळ आहे, फक्त लक्षात ठेवा: त्याचा नेहमीचा पीडब्ल्यूएम शेकडो हर्ट्झचा असतो, तो इथे चालत नाही. टायमर मुद्दाम ५० मिलिसेकंदावर बसवावा लागतो.

प्रोग्रॅमच्या भानगडीत पडायचं नसेल तर ५५५ टायमर (चालू-बंद सिग्नल देणारी छोटी चिप) पुरतो. लाल तारेवरून ७८०५ (व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारी चिप) लावून ५ व्होल्ट करा आणि त्यावर ५५५ चालवा. सप्लाय आणि पिन ७ यांच्यामध्ये १ किलो-ओहम. पिन ७ वर १०० किलो-ओहमच्या पॉटचं मधलं टोक. पॉटच्या दोन बाहेरच्या टोकांपासून दोन डायोड पिन २ आणि ६ च्या जोडाकडे, एकमेकांच्या उलट दिशेने. तिथून कॉमनला ०.४७ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. डिस्चार्जच्या बाजूच्या डायोडला सिरीजमध्ये १८ किलो-ओहम घाला. चालू भाग ८५ टक्क्यांच्या वर जाऊ न देण्याचं काम हा रेझिस्टर करतो. पिन ४ सप्लायला, पिन ५ वरून कॉमनला ०.०१ मायक्रोफॅरड, पिन ३ वर सिग्नल. या आकड्यांनी २० हर्ट्झच्या आसपास मिळतं.

बोर्डाच्या सिग्नल इनपुटला आयसोलेशन नाही असं चौथ्या टप्प्यात दिसलं असेल, तर मध्ये पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर (तारेच्या जोडाशिवाय, प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) घाला आणि सिग्नलच्या सर्किटला वेगळा सप्लाय द्या. आर्डुइनो यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला ठेवून बोर्डावर लावणं तर टाळाच.

*तपासा:* ५५५ चं सर्किट बोर्डला जोडण्याआधी एकटं ५ व्होल्टवर चालवा. पिन ३ वर मीटर डीसीला ठेवून नॉब फिरवला की सरासरी व्होल्टेज जवळजवळ शून्यापासून ३-४ पर्यंत चढलं पाहिजे. इतक्या कमी हर्ट्झवर आकडा थोडा नाचेल. कल कळला की पुरे.

६. पहिला सप्लाय: सिरीज बल्बवर, मोटरशिवाय

मेन्सच्या फेजमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला. मोटरच्या टर्मिनलवर मोटरऐवजी २५ किंवा ४० वॅटचा तारेचा बल्ब लोड म्हणून लावा. एलईडी बल्ब दोन्ही ठिकाणी निरुपयोगी. लोड न लावता नुसतं मीटर लावू नका. एससीआर थोडा गळतो, त्यामुळे मीटर उगाच मोठं व्होल्टेज दाखवतं आणि चांगला बोर्ड खराब वाटतो.

नॉब शून्यावर. सप्लाय द्या. पीडब्ल्यूएम बोर्डावर सिरीज बल्ब क्षणभर भक्कन पेटून मंद होईल. कपॅसिटर भरला, इतकाच त्याचा अर्थ. बल्ब पूर्ण प्रकाशात तसाच राहिला तर बोर्डावर शॉर्ट आहे. सप्लाय काढा, ब्रिज, एससीआर किंवा मॉस्फेट मोजा.

आता नॉब हळूहळू वाढवा. लोडचा बल्ब सावकाश उजळला आणि नॉब मागे घेतल्यावर विझला, तर कंट्रोल नीट आहे. काहीच होत नसेल तर नॉब एकदा पूर्ण शून्यावर आणून पुन्हा वाढवा. एमसी-६० सारखे बोर्ड नॉब शून्यावर पाहिल्याशिवाय आउटपुट देत नाहीत. मध्येच सप्लाय जाऊन आला तर मोटर आपोआप सुटू नये म्हणून ही सोय केलेली असते. कटकट वाटली तरी ती काढून टाकण्याचे उपाय शोधू नका.

७. पेटी आणि बंद करण्याची व्यवस्था

मोटरला हात लावण्याआधी बोर्ड पेटीत गेला पाहिजे. टेबलावर उघडा पसरलेला बोर्ड आणि शेजारी फिरणारी मोटर, या अवस्थेत अपघात होतात.

पेटी अशी हवी की धातूचा किस आत जाणार नाही. ग्राइंडर किंवा लेथजवळ वरच्या बाजूला जाळी ठेवू नका. हवेची वाट खालून आणि बाजूने, फिल्टर लावून. ट्रेडमिलमध्ये या बोर्डाला मोटरच्या पंख्याची हवा मिळत होती. ती आता नाही, तर छोटा पंखा लावा. हीटसिंक पेटीला टेकवण्याआधी तो आणि मोटरची टर्मिनलं यांच्यात रेझिस्टन्स मोजा. काही बोर्डांवर हीटसिंकच जिवंत असतो. धातूची पेटी, मोटरची बॉडी आणि यंत्राची चौकट, तिघांनाही अर्थिंग.

फ्यूज किंवा ब्रेकर मूळ यंत्रात होता तेवढ्याच ॲम्पिअरचा. वारंवार उडतो म्हणून मोठा टाकू नका. उडतोय कशामुळे ते शोधा.

ट्रेडमिलची सेफ्टी की कन्सोलबरोबर गेली. तिच्या जागी दोन गोष्टी लागतात: हात पोहोचेल तिथे दाबल्यावर अडकून राहणारं लाल इमर्जन्सी बटण, आणि सप्लाय जाऊन आल्यावर आपोआप चालू न होणारा नो-व्होल्ट स्विच. ५५५ च्या जोडणीत शून्यावरून सुरू होण्याची अट नसते, म्हणून तिथे नो-व्होल्ट स्विचला पर्याय नाही. मोटरच्या थर्मल स्विचच्या दोन तारा याच स्विचच्या कॉइलच्या वाटेत घाला, त्या स्विचला हे व्होल्टेज झेपतं याची खात्री करून. म्हणजे तापलेली मोटर थंड झाल्यावर स्वतःहून सुरू होणार नाही.

सावधान: चालू-बंद नेहमी मेन्सच्या बाजूला करायचं. मोटर आणि बोर्ड यांच्या मधल्या डीसी तारेत साधा स्विच टाकला तर आर्क ओढला जातो, संपर्क चिकटतात आणि बोर्डही जाऊ शकतो. दिशा बदलण्याचा स्विच लावलाच, तर मोटर पूर्ण थांबल्यावरच फिरवायचा.

८. मोटरसह

मोटर क्लॅम्पने बांधा. सुरू होताना ती उसळी मारते. पट्टा लावू नका. चोक मोटरच्या तारेत आहे ना, ते पाहा. सिरीज बल्ब आता काढा, कारण मोटर त्यातून नीट चालणार नाही. फ्लायव्हीलच्या रेषेत उभं राहू नका.

नॉब शून्य, सप्लाय, मग हळूहळू. थोडा वेळ कमी वेगावर चालवून ब्रशकडे पाहा. बारीक निळसर ठिणग्या चालतात. कम्युटेटरभोवती (ब्रश ज्यावर टेकतात त्या तांब्याच्या गोलाभोवती) आगीची कडी फिरत असेल तर ब्रश बसलेले नाहीत किंवा कम्युटेटर घाण आहे. सप्लाय काढूनही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं आणि तोवर मोटर जनरेटरसारखी व्होल्टेज देते, हे तारांना हात लावताना ध्यानात असू द्या.

पट्टा लावल्यावर पुलीचं गणित नीट करा. करंटची मर्यादा तीच राहत असल्यामुळे वेग अर्धा केला की मिळणारी पॉवरही अर्धी होते, आणि पंखा फ्लायव्हीलवरच असल्याने हवासुद्धा कमी. यंत्राला संथ गती हवी म्हणून मोटरच सतत संथ चालवली तर ती जळते. मोटर वरच्या अर्ध्या वेगात राहील असा पुलीचा गुणोत्तर ठेवा आणि उरलेली बारीकसारीक फेरफार नॉबवर.

९. ट्रिमर, सर्वात शेवटी

बोर्डावर छोटे ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे बारीक पॉट) असतील तर आधी प्रत्येकाची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. कमाल वेग, किमान वेग, करंट लिमिट आणि आयआर (लोड आल्यावर वेग सावरणारा) अशी नावं सापडतात. हात लावायचा तर इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने, एका वेळी एकच, तेही थोडासा.

लोड आल्यावर वेग फार पडत असेल तर आयआर थोडा वाढवा. मोटर वर-खाली हेलकावे घेऊ लागली की तो जास्त झाला. हेलकावे थांबेपर्यंत मागे घ्या. करंट लिमिट मात्र जिथे आहे तिथेच राहू द्या, मोटरच्या नेमप्लेटवरचा ॲम्पिअरचा आकडा बोर्डाच्या मर्यादेपेक्षा कमी असेल तेवढा अपवाद. तेव्हा तो खाली आणायचा. केबीच्या काही बोर्डांवर हे काम मोटरच्या एचपीनुसार बदलायच्या प्लग-इन रेझिस्टरवर असतं. मोटर बदललीत आणि हा रेझिस्टर तोच ठेवलात, तर लिमिट चुकीचं पडेल.

पहिल्या काही कामांनंतर सप्लाय काढून, चार्ज तपासून, पेटी उघडा. लगांपाशी इन्सुलेशन तपकिरी झालं असेल तर तो जोड सैल आहे. पुन्हा क्रिंप करा.